ब्लोअर मोटर : आधी तपासणी, मग बदल

मोटारीतील एसी चालू असूनही झरोक्यांतून हवाच येत नसेल, तर गॅस भरून उपयोग नाही. गॅसमुळे हवा थंड होते. ती ढकलण्याचे काम ब्लोअर मोटरचे. पावसाळ्यात समोरच्या काचेवर आतून साचणारे बाष्पही हीच हवा दूर करते, त्यामुळे हा बिघाड केवळ गैरसोयीचा नव्हे.

पंखा फक्त कमाल वेगावर फिरत असेल, तर मोटर शाबूत समजावी. बहुधा वेग कमी करणारा रेझिस्टर जळालेला असतो. कमाल वेगात वीज त्याला वगळून थेट मोटरकडे जाते. ही साधी खूण दुर्लक्षिली गेली, की चांगली मोटर बदलली जाते आणि दोष तसाच राहतो.

पंखा मुळीच फिरत नसेल, तर प्रथम फ्यूज पाहावा. नंतर इग्निशन चालू व पंखा कमाल वेगावर ठेवून, मोटरची जोडणी न काढता तिच्या दोन्ही टोकांवर मल्टिमीटर लावावा. बहुतेक गाड्यांत ही मोटर ग्लोव्ह बॉक्समागे असते. सुमारे १२ व्होल्ट मिळूनही ती स्तब्ध राहिल्यास निकामी झाली, असे मानावे. व्होल्ट न मिळाल्यास रिले, स्विच व तारा तपासाव्यात. स्वयंचलित क्लायमेट कंट्रोलमध्ये बहुधा रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते. तेथे कमाल वेगाची खूण चालत नाही.