पडद्यावरची भूक

सर्व्हायव्हल गेममध्ये पडद्याच्या कोपऱ्यात भुकेची पट्टी दिसली की खेळणाऱ्यांत दोन तट पडतात. एकाला ती अस्सल वाटते, दुसऱ्याला नुसती कटकट. पण ही भूक मुळात अस्सलपणासाठी आलीच नव्हती.

1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी युनिक्सवर ‘रोग’ रचला. अक्षरा-चिन्हांनी रेखलेले भुयार, त्यात मजल्यामागून मजला उतरत जायचे. स्वस्थ बसले की जखमा भरत. म्हणजे प्रत्येक झटापटीनंतर कोपऱ्यात बसून राहणे हा सगळ्यांत शहाणपणाचा डाव, आणि सगळ्यांत रटाळही. भुकेने तो डाव मोडला. आधी सूचना, मग अशक्तपणा, मग घेरी, शेवटी मरण. खरी खुबी मात्र वाटपात आहे: ओळीने काही मजले अन्न निघाले नाही, तर पुढे ते निघेलच अशी तजवीज कोडमध्ये होती. भुकेचा हिशेब चालींवर, अन्नाचा मजल्यांवर. रेंगाळलात तर उपास, उतरलात तर घास!

1985 मध्ये अटारीच्या ‘गॉन्टलेट’ने हीच युक्ती आर्केडमध्ये नेली. प्रकृतीचा आकडा आपोआप घसरत राही. अन्न सापडले तर ठीक, नाही तर काढा दुसरे नाणे. इथली भूक मशीनच्या मालकाची माणूस होती.

‘माइनक्राफ्ट’मध्ये सुरुवातीला खाणे म्हणजे औषध होते, खाल्ले की जखम भरली. सप्टेंबर 2011 च्या बीटा 1.8 मध्ये मुर्गीच्या दहा तंगड्यांची पट्टी आली. पळाले की ती लवकर रिकामी होते, भरलेली असली तर प्रकृती सुधारते. पहिल्या काही रात्री ही भूक खरोखर छळते. एकदा गव्हाचे शेत लागले की मात्र प्रश्न मिटतो आणि चावणे तेवढे उरते. कंटाळ्याचे मूळ मला इथे दिसते: अन्नाची चिंता संपली तरी ते खाण्याचे काम संपत नाही.

2012 मध्ये ‘डेझी’ने भूक-तहानेला अस्सलपणाचा बिल्ला लावला. तो करणारा डीन हॉल न्यूझीलंडच्या सैन्यातला. ब्रुनेईच्या जंगलातले खडतर प्रशिक्षण त्याने स्वतः भोगले होते. त्यानंतर असल्या खेळांची रीघ लागली आणि बहुतेकांनी त्याची पट्टी तेवढी उचलली.

कॅनडातल्या ‘द लाँग डार्क’ने कॅलरी मोजायला घेतल्या. लाकूड फोडावे तर भूक वाढते, न फोडावे तर थंडी. हा पेच मला आवडतो. पण खेळाडू बिलंदर! उपासमारीची झीज सावकाश होते हे हेरून ते दिवसभर उपाशी राहत आणि झोपण्यापुरतेच खात. हिशेबाने बिनचूक, कुठल्याही जिवंत माणसाला न शोभणारे. कर्त्यांनी शिक्षा वाढवण्याऐवजी बक्षीस ठेवले: सलग तीन दिवस पोट रिकामे पडू दिले नाही, तर पाच किलो जास्त ओझे उचलता येते.

2021 चा स्वीडिश ‘व्हॅलहाइम’ त्याच्याही पुढे गेला. तिथे उपाशी कोणी मरतच नाही. न खाणारा फक्त दुबळा राहतो. एका वेळी तीन वेगवेगळे पदार्थ पोटात असू शकतात, कुठला जीव वाढवतो, कुठला दम. त्यामुळे मोठ्या लढाईच्या आधी मंडळी हत्यारांइतकीच चर्चा जेवणाच्या बेतावर करतात.