प्लेग ते पुनर्वसन वसाहत : मुंबईतील घरांतर्गत हवा व उजेडाचा इतिहास (१८९६ ते २०१८)

प्रस्तावना :

घरातील हवा शुद्ध कशी राखावी, या प्रश्नाची आज मिळणारी उत्तरे बहुतांशी गृहस्थाला उद्देशून असतात. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, सूर्यप्रकाश आत येऊ द्यावा, कुंडीत अमुक वनस्पती लावाव्यात, असा हा उपदेश असतो. यांपैकी वनस्पतींविषयीचा समज प्रामुख्याने १९८९ मध्ये अमेरिकेतील 'नासा' या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून रूढ झाला. ते प्रयोग लहान, बंद पेट्यांमध्ये केलेले होते. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. इमारतीत सहजगत्या होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीने रासायनिक बाष्पे जेवढी बाहेर जातात, तेवढेच काम कुंडीतील झाडांकडून करून घ्यावयाचे झाल्यास दर चौरस मीटरला किमान १० ते कमाल १,००० झाडे लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजेच नैसर्गिक उपायांपैकी खरा प्रभावी उपाय खेळती हवा हाच होय.

परंतु खिडकी उघडली तर हवा येईलच, असे गृहीत धरता येते का? खिडकीसमोर मोकळी जागा किती, ती कोणी ठेवली आणि कोणी व्यापली, हे प्रश्न गृहस्थाच्या हातातील नाहीत. मुंबई शहराने या प्रश्नाचे एक मोजमापासह उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शोधले होते. ते का शोधावे लागले आणि पुढे त्याचे काय झाले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्लेगपूर्व मुंबईतील घर :

१८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. कापडगिरण्या, गोदी आणि रेल्वे यांच्या वाढीबरोबर कोकण, देश आणि गुजरात येथून आलेला कष्टकरी वर्ग मुख्यतः एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत असे. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत मोरी आणि तेथेच रात्रीची पथारी, असा हा संसार होता. मांडवी, कामाठीपुरा, नागपाडा या भागांत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या होत्या की दोन घरांमध्ये उरे ती केवळ 'घरगल्ली'. मैला व सांडपाणी वाहून नेण्यासाठी ठेवलेल्या या अरुंद बोळाकडेच अनेक खोल्यांची एकुलती एक खिडकी उघडत असे. दुर्गंधी नको म्हणून भाडेकरू ती बंद ठेवत. मधल्या खोल्यांना तर तेवढीही खिडकी नसे. चुलीचा धूर ज्या वाटेने बाहेर जाई, तीच वाट घाण आत येण्याचीही होती. बंद खिडकीत भाडेकरूंचे अज्ञान पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या ध्यानात ही अडचण क्वचितच आली.

प्लेग आणि हवेची मोहीम :

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजेच प्लेगचे निदान केले. रोगाचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. तथापि तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे ठाऊक नव्हते. साहजिकच प्रशासनाने जुन्याच सिद्धान्ताचा आधार घेतला. कोंदट हवा, ओल, अंधार आणि कुजकी घाण यांतून रोग उद्भवतो, असा हा सिद्धान्त होता. गटारांत समुद्राचे पाणी व कार्बोलिक सोडण्यात आले, भिंतींना चुना फासला गेला आणि ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरविली गेली. अनेक इमारतींवर 'मानवी वस्तीस अयोग्य' या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे रंगविली गेली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाल्यावर घरझडती आणि सक्तीचे विलगीकरण यांना कायद्याचे पाठबळ मिळाले.

या सक्तीचे सामाजिक परिणाम सर्वज्ञात आहेत. पुण्यातील रँडवध (२२ जून १८९७) हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. मुंबईतून लोक मोठ्या संख्येने गावी परतले. मृत्यू आणि स्थलांतर यांमुळे १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७,७६,००६ इतकी खाली आली. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, 'हवा व उजेड' हे शब्द सामान्य मुंबईकराच्या घरात प्रथम शिरले ते सोयीच्या रूपाने नव्हे, तर कौले उतरविणाऱ्या पथकाच्या रूपाने. घरातील हवेविषयीच्या सरकारी उपदेशाकडे लोक पुढे संशयाने पाहत राहिले, त्याचे एक कारण येथे सापडते.

सुधार ट्रस्ट आणि ६३.५ अंशांचा नियम :

१८९८ च्या कायद्यान्वये मुंबई शहर सुधार ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्ती फोडून रुंद रस्ते काढणे, गलिच्छ वस्त्या पाडणे, नवी जमीन वसविणे आणि गरिबांसाठी स्वच्छ चाळी बांधणे ही त्याची कामे होती. प्रिन्सेस स्ट्रीट (सध्याचा शामलदास गांधी मार्ग) आणि सँडहर्स्ट रोड (सध्याचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) हे रस्ते केवळ रहदारीसाठी आखलेले नव्हते. पश्चिमेकडील समुद्राचा वारा दाट वस्तीत खोलवर जावा, हाही त्यांचा हेतू होता. दादर-माटुंग्याच्या योजनेत इमारतींभोवती मोकळी जागा राखण्यात आली. हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी येथील झाडीत आणि वाऱ्यात तिचा लाभ आजही जाणवतो.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील घरांमधील उजेड व हवा याच विषयावर व्याख्यान दिले आणि एका साध्या नियमाचा आग्रह धरला. खोलीच्या बाह्य भिंतीच्या तळापासून समोरील इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढल्यास ती जमिनीशी ६३.५ अंशांहून अधिक कोन करू नये, असा तो नियम होता. १८९४ च्या लंडन इमारत कायद्यात घरामागील मोकळ्या जागेसाठी हाच कोन वापरलेला होता. व्यवहारात याचा अर्थ असा की, समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे. चाळीस फूट उंचीला वीस फूट अंतर, इतके हे सोपे गणित होते. या नियमाने 'खेळती हवा' ही मोघम कल्पना प्रथमच मोजता येण्याजोगी झाली आणि खोली अंधारी असण्याची जबाबदारी भाडेकरूकडून बांधणाऱ्याकडे सरकली.

मात्र याच ठिकाणी नियमाची खरी अडचण होती. मोकळी जागा म्हणजे भाडे न देणारी जागा. मुंबईसारख्या चिंचोळ्या बेटावर तिची किंमत मोठी होती. कडक बांधकाम नियमांना घरमालकांचा विरोध होता आणि महापालिकेत त्यांचा प्रभावही होता. दुसरीकडे ट्रस्टच्या पहिल्या दशकातील कामाने वेगळाच प्रश्न निर्माण केला. नागपाड्यासारख्या वस्त्या पाडल्या गेल्या. परंतु विस्थापितांना परवडतील अशी घरे त्या गतीने उभी राहिली नाहीत. हे लोक शेजारच्या चाळींत शिरले आणि तेथील दाटी वाढली. एका गल्लीला मिळालेली हवा दुसऱ्या गल्लीतून काढून घेतली गेली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. १९१४ पासून भारतातील नगरांची पाहणी करणारे आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झालेले पॅट्रिक गेडिस यांनी सरसकट पाडापाडीच्या धोरणावर टीका केली. वस्ती न उखडता मोजक्या इमारती काढून मोकळीक निर्माण करावी, असे त्यांचे मत होते. १९३३ मध्ये ट्रस्टचे काम महापालिकेकडे वर्ग झाले.

विज्ञानाने केलेली फेरतपासणी :

प्लेगपुरते पाहता 'हवा व उजेड' हा सिद्धान्त चुकीचा ठरला. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसवांचा संबंध दाखविला आणि १९०५ पासून मुंबईत झालेल्या प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली. कौले उतरवून प्लेग हटणार नव्हता. प्रश्न धान्याच्या वखारींतील उंदरांचा होता.

परंतु इतिहासाची गंमत अशी की, चुकीच्या कारणासाठी सांगितलेला उपाय दुसऱ्या रोगाबाबत योग्य होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयरोगाचा जंतू शोधला. हा रोग हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांतून पसरतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यास प्रयोगांनी सिद्ध झाले. पेरू देशातील लिमा शहरातील आठ रुग्णालयांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खिडक्या-दारे उघडी असताना खोलीतील हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलते असे आढळले. यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत हे प्रमाण १२ होते. उंच छत व मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या इमारतींत ते ४० पर्यंत गेले, तर नव्या इमारतींत १७ वरच राहिले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयांतील संसर्ग रोखण्यासाठी नैसर्गिक वायुवीजनाविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ऑर यांचा कोन शास्त्रीयदृष्ट्या निरर्थक नव्हता, हे यावरून दिसून येते.

पुनर्वसन वसाहती आणि विसरलेला कोन :

रस्ते व रेल्वे प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्या झोपडीवासीयांसाठी गोवंडी-मानखुर्द परिसरात पुनर्वसन वसाहती बांधल्या गेल्या. त्यासाठी मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती देण्यात आल्या. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या सहकार्याने केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींतील सुमारे ४ हजार कुटुंबांची त्यात पाहणी करण्यात आली. पहिल्या दोन वसाहतींत इमारतींमधील अंतर कमी, उजेड व वारा अपुरा आणि क्षयरोगाचे प्रमाण जास्त आढळले. अधिक मोकळीक असलेल्या तिसऱ्या वसाहतीत ते कमी होते. खालच्या मजल्यांवरील रहिवाशांना अधिक धोका असल्याचेही दिसले. दाटीच्या वसाहतींत बहुमजली इमारतींच्या रांगांमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. ६३.५ अंशांच्या नियमाने वीस मीटर उंचीच्या इमारतीसमोर दहा मीटर अंतर लागले असते.

या इमारतींमधील बोळांत कचरा साचतो आणि दुर्गंधीमुळे खिडक्या बंद राहतात. शंभर वर्षांपूर्वीची घरगल्लीच येथे नव्या रूपात उभी आहे. अशा घरातील गृहिणीला खिडकी उघडण्याचा सल्ला देणे म्हणजे तिच्या हातात नसलेल्या गोष्टीची जबाबदारी तिच्यावर टाकणे होय.

निष्कर्ष :

१) घरातील हवा सुधारण्याचा सर्वांत जुना व प्रभावी नैसर्गिक उपाय वायुवीजन हा आहे, मात्र तो घराच्या आत नव्हे, तर दोन घरांच्या मध्ये ठरतो.

२) ६३.५ अंशांच्या नियमाचे महत्त्व त्याच्या अचूकतेपेक्षा त्याने निश्चित केलेल्या जबाबदारीत आहे.

३) हवा व उजेड देण्याच्या नावाखाली झालेल्या पाडापाडीने परवडणारी घरे घटली, तेव्हा हवाही घटली. म्हणून घराची उपलब्धता आणि घरातील हवा हे प्रश्न वेगळे करता येत नाहीत.

४) आज शहराची बाहेरील हवाही धूलिकणांनी दूषित असल्याने उघडी खिडकी हा पूर्ण उपाय राहिलेला नाही, तरीही क्षयरोगासारख्या रोगाबाबत तिला पर्याय नाही.

१८९७ मध्ये अंधाऱ्या खोलीत ऊन आणण्यासाठी सरकारने गरिबांच्या छपराची कौले काढली. शंभराहून अधिक वर्षांनंतर त्याच शहरात सरकारमान्य नकाशानुसार ऊन न पोहोचणाऱ्या खोल्या बांधून गरिबांना दिल्या गेल्या. जुन्या मोहिमेत सक्ती होती, परंतु उजेड ही गरज आहे याची जाणीव तरी होती. ती जाणीव सक्तीविना नियमांत परत आणणे, हाच या इतिहासाचा धडा होय.