वेड आणि शहाणपण यांच्या मधले दिवस

बदलापूर स्थानकाच्या पूर्वेस शिरगांव म्हणून एक वस्ती आहे. एके काळचें हें खेडें आतां शहराचाच भाग होऊन गेलें असून तेथील पुष्कळ मंडळी रोज सकाळीं लोकल गाडीनें ठाण्याला व मुंबईला कामास जातात. ठाण्याला जाणें ही तेथें नित्याची गोष्ट आहे. पण घरांत किंवा आळींत कोणी विक्षिप्त वागूं लागलें, कीं याच प्रवासाला निराळा अर्थ येतो. 'याला आतां ठाण्याला पाठवा' एवढें म्हटलें, कीं ऐकणाऱ्याला अधिक सांगावें लागत नाहीं. पुणेकर त्याच अर्थानें येरवड्याचें नांव घेतात. ज्या ठाण्यापर्यंत १८५३ सालीं देशांतील पहिली उतारूंची आगगाडी धावली, तें शहर या थट्टेनें लहान झालें नाहीं. थट्टेचा घाव शहराला लागत नसतो. तो ज्या घरांत खरोखरीचें दुखणें आहे त्या घराला लागतो.

या एका वाक्यांत वेडाचे सर्व प्रकार एकाच गाडींत बसविले जातात. त्यांतल्या त्यांत ज्या विकारावर या समजुतीनें सर्वांत अधिक अन्याय केला, त्याच्याविषयीं आज बोलावयाचें आहे. इंग्रजी नांवानें तो बायपोलर डिसऑर्डर म्हणून ओळखला जातो. मराठींत त्याला द्विध्रुवी मनोविकार म्हणतात. याच्या एका टोकाला उन्माद असतो. झोंप फारशी लागत नाहीं आणि तिची गरजही वाटत नाहीं. बोलणें थांबत नाहीं. विचार एकामागून एक धांवतात. आपण वाटेल तें करूं शकूं असा विश्वास वाटतो, आणि त्या भरांत घरचा पैसा पाण्यासारखा उधळला जातो. दुसऱ्या टोकाला विषाद असतो. अंथरूण सोडवत नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, जगणें नकोसें होतें. घटकेंत हसणें आणि घटकेंत रडणें म्हणजे हा विकार, असा एक गैरसमज हल्लीं सुशिक्षितांतच अधिक दिसतो, आणि ज्याला त्याला हें नांव सहज चिकटविलें जातें. वस्तुतः उन्मादाची अवस्था निदान आठवडाभर आणि विषादाची निदान दोन आठवडे टिकल्यावांचून वैद्य हें नांव उच्चारीत नाहींत. पुष्कळदां त्या महिनेच्या महिने चालतात.

परंतु या विकाराचें खरें लक्षण टोकांत नाहीं, मधल्या काळांत आहे. दोन झटक्यांच्या मध्यें बहुतेक रोगी बरे असतात. ते नोकरी करतात, हिशेब ठेवतात, मुलांना शिकवितात, शेजाऱ्यांचें दुखलेंखुपलें पाहतात. कांहींच्या बाबतींत थोडी कसर राहते हें खरें. पण वर्षांचा हिशेब मांडला, तर कित्येकांच्या आयुष्यांत आजाराचे दिवस थोडे आणि बरेपणाचे दिवस पुष्कळ निघतात. लोकांच्या कल्पनेंतील वेड्याला मात्र असे मधले दिवस नसतात. एकदां वेडा तो कायमचा वेडा.

वैद्यकाला हें समजावयास फार काळ लागला. आपल्याकडे चरकानें उन्मादाचे पांच प्रकार सांगितले. त्यांतील चार दोषांपासून होणारे आणि पांचवा आगंतुक, म्हणजे देव, गंधर्व, पिशाच इत्यादिकांच्या बाधेनें होणारा. तेवढ्यावरून चरकाला भुताखेतांच्या पक्षाचा ठरविणें योग्य नव्हे. जो स्वतःच्या कर्मानें पीडित नाहीं त्याला देव किंवा पिशाच पीडा देत नाहींत, अशा आशयाचा निर्वाळा त्याच ग्रंथांत आहे. तो वाचून प्रथम आनंद वाटतो. पण थोडें थांबून पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें, कीं भूत दाराबाहेर गेलें आणि त्याच्या जागीं रोग्याचा स्वतःचा अपराध येऊन बसला. आजही मांत्रिकाकडे न जाणारें सुशिक्षित घर 'मन खंबीर नाहीं, म्हणून हें झालें' असें खुशाल बोलतें. भूतबाधेंत निदान रोग्यावर ठपका तरी नव्हता!

पश्चिमेकडे ग्रीक वैद्य अॅरेटिअस यानें सुमारें अठराशें वर्षांपूर्वींच विषाद आणि उन्माद एकाच माणसांत आळीपाळीनें दिसतात हें नोंदविलें होतें. पुढें १८५४ सालीं पॅरिस येथें फालरे व बेलार्झे या दोन वैद्यांनीं या एकाच रोगाला दोन नांवें दिलीं, आणि शोध कोणाचा यावरून त्यांच्यांत चांगलीच जुंपली. फालरेनें दिलेल्या नांवाचा अर्थ 'चक्राकार वेड' असा होतो. निर्णायक पाऊल टाकलें तें जर्मनींतील एमिल क्रेपेलिन यानें, १८९९ सालीं. त्यानें रोगी आज कसा दिसतो यापेक्षां कांहीं वर्षांनीं तो कोठें पोंचतो याकडे पाहिलें. कांहीं रोगी उत्तरोत्तर खालावत जातात, कांहीं पुनःपुन्हां आजारी पडून पुनःपुन्हां बरे होतात. या दुसऱ्या वर्गाला त्यानें वेगळें काढलें. एवढी साधी गोष्ट दिसावयाला रोग्याबरोबर वर्षें काढावीं लागतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसणें शक्यच नव्हतें.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९०१ सालीं, नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगींतून ठाण्याचें वेड्यांचें इस्पितळ उभें राहिलें. देणगी उदार होती आणि हेतु दयेचा होता, यांत शंका नाहीं. पण आंत जाण्याची वाट कशी होती? १८५८ सालापासून वेड्यांच्या इस्पितळांचे कायदे होते. १९१२ सालच्या नव्या कायद्यानें जन्मतः बुद्धिहीन असलेला आणि मन बिघडलेला अशा दोघांनाही 'ल्युनॅटिक' या एकाच शब्दांत कोंबलें. भटकणाऱ्या अथवा धोकादायक वेड्याला पोलिसानें पकडावें, मॅजिस्ट्रेटनें हुकूम द्यावा आणि मग त्याला इस्पितळांत पोंचवावें, असा तो मार्ग होता. आपखुषीनें दाखल होण्याची सोय त्याच कायद्यांत होती, परंतु लोकांच्या नजरेंत भरली ती पहिली वाट. तुरुंगाला जाणारी वाट आणि ही वाट यांत पाहणाऱ्याला फरक काय दिसणार? माणूस आंत जातांना ओरडत जाई, चार लोक पाहत. तोच माणूस बरा होऊन परत येई तेव्हां शक्य तितक्या गुपचूप येई, कारण घरच्यांनाच तें झांकावयाचें असे. जातांनाचा देखावा सर्वांनीं पाहावा आणि येतांनाचा कोणींच पाहूं नये, अशा स्थितींत लोकमत घडलें. तें एकांगी झालें याचें मला आश्चर्य वाटत नाहीं. पुढें इस्पितळाचें नांव पालटून मनोरुग्णालय झालें. बोलीनें मात्र जुनेंच धरून ठेवलें.

आश्चर्य वाटतें तें निराळ्या गोष्टीचें. मधल्या दिवसांची ही गोष्ट कायद्याला क्रेपेलिनच्या आधीं कळली होती. १८७२ सालचा भारतीय कराराचा कायदा आजही चालू आहे. त्याचें बारावें कलम सांगतें, कीं जो एरवीं विकल मनाचा, पण मधून मधून शुद्धीवर असतो, तो त्या शुद्ध काळांत करार करूं शकतो. त्याखालीं दिलेलें उदाहरण तर खुद्द वेड्यांच्या इस्पितळांतील रोग्याचें आहे. मधून मधून शुद्धीवर येणारा असा रोगी त्या काळांत करार करूं शकतो! ठाण्याचें इस्पितळ उभें राहण्यापूर्वीं एकोणतीस वर्षें कायद्यानें वेड्याला असें शहाणपणाचे दिवस असतात हें मान्य केलें होतें.

आतां विवाहाचा कायदा पाहा. १९५५ सालच्या हिंदु विवाह कायद्यांत 'विवाहाचे वेळीं' वधूवरांपैकीं कोणी वेडें नसावें, एवढीच अट होती. १९७६ सालीं ती सुधारली, आणि सुधारतांना वेडाचे वारंवार झटके येणाऱ्या माणसाचाही निषेध तींत घातला. त्याच ओळींत अपस्माराचाही उल्लेख होता. तो १९९९ सालीं काढून टाकण्यांत आला, वेडाचे झटके तसेच राहिले. म्हणजे ज्या मधल्या बरेपणामुळें माणूस जमिनीचा सौदा करूं शकतो, त्या बरेपणाला बोहल्यावर किंमत नाहीं. घटस्फोटाच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालीं आणि पुन्हां २०१३ सालीं स्पष्ट केलें, कीं रोगाचें केवळ नांव पुरेसें नाहीं. संसार अशक्य व्हावा इतकी त्याची तीव्रता सिद्ध झाली पाहिजे. शिरगांवांतल्या काय किंवा दादरमधल्या काय, लग्न जुळविणाऱ्या मंडळींपर्यंत हे निर्णय पोंचलेले दिसत नाहींत. तेथें अजून नांवच पुरतें, आणि तें नुसत्या रोग्याला नव्हे, त्याच्या धाकट्या बहिणीलाही पुरतें. मग घरें तें लपवितात. लपविण्यांत दुहेरी धोका आहे. महत्त्वाची गोष्ट लपवून मिळविलेली संमति विवाह रद्द होण्यास कारण होऊं शकते. शिवाय सासरीं औषध लपून घ्यावें लागतें व अखेर तें सुटतें. 'लग्न करून द्या, डोकें ठिकाणावर येईल' या सल्ल्याइतका अपायकारक सल्ला दुसरा नसेल. झोंपेची आबाळ आणि बाळंतपण हीं दोन्ही या विकाराला पुन्हां जागें करणारीं कारणें आहेत.

औषधाची कथा थोडक्यांत सांगतों. १९४९ सालीं ऑस्ट्रेलियांतील जॉन केड या वैद्यानें उन्मादाच्या दहा रोग्यांना लिथियमचे क्षार दिले आणि त्यांची प्रकृति आश्चर्यकारक रीतीनें सुधारली. लिथियम हा दगडांत सांपडणारा एक हलका धातु. त्याचें नांवच दगड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलें आहे. प्रमाण चुकलें तर तो विषारी ठरतो, म्हणून रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते. पुढें डेन्मार्कमधील मोगेन्स शाउ यानें हा उपचार कसोशीनें पारखला. त्याच्या सख्ख्या भावाला पुनःपुन्हां येणाऱ्या विषादाचा विकार होता. आतां इतरही औषधें आहेत. औषध बंद करतांच पुष्कळांचा आजार उलटतो. यावरून 'गोळ्यांची संवय लागली' असें लोक अनुमान काढतात. मधुमेहाच्या औषधाविषयीं असें कोणी बोलत नाहीं.

२०१५-१६ सालच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणांत आयुष्यांत केव्हां तरी हा विकार झालेल्यांचें प्रमाण सुमारें अर्धा टक्का आढळलें, आणि अशा रोग्यांपैकीं सुमारें सत्तर टक्के उपचाराविना होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपल्याकडे चित्र फार निराळें असेल असें मानावयास मला आधार दिसत नाहीं. २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यानें भूत उतरविण्याच्या नांवाखालीं रोग्याला बांधणें व मारहाण करणें हा गुन्हा ठरविला आहे. तो कायदा आपल्या राज्यांत करावा लागला, हेंच पुरेसें बोलकें आहे.

शेवटीं २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याची एक तरतूद सांगतों, कारण ती घरोघरीं उपयोगी पडणारी असून फारच थोड्यांना ठाऊक आहे. केवळ मनोविकाराचें निदान झालें म्हणून कोणी विकल मनाचा ठरत नाहीं, हें तर तो कायदा सांगतोच. शिवाय कोणाही सज्ञान माणसाला आधींच लेखी निर्देश देऊन ठेवतां येतो. पुढें मला आजार होऊन निर्णय घेण्याची शक्ति उरली नाहीं, तर मला कोणते उपचार द्यावे, कोणते देऊं नयेत आणि माझ्या वतीनें कोणी बोलावें, हें त्यांत लिहावयाचें असतें. हा प्रतिनिधि नातलगच असला पाहिजे असें नाहीं. विश्वासाचा मित्रही चालतो. तातडीच्या उपचारांना हा निर्देश लागू होत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवावें. तो लिहावयाचा तो बरेपणाच्या दिवसांत, शांतपणें, घरच्यांशीं व आपल्या वैद्याशीं बोलून.