नावाच्या घोळात हरवलेली गांधीलमाशी

कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लाल खवले कीड छळत होती. अ‍ॅफायटिस ही जेमतेम एक मिलिमीटर लांबीची पिवळी गांधीलमाशी या किडीच्या खवल्याखाली अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी किडीला शोषून मारते.

विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व आशियात गेलेल्या शोधकांना ही माशी दिसली होती. पण कॅलिफोर्नियात आधीच असलेली ‘क्रायसोम्फाली’ जाती ती हीच, असे समजले गेले. मग ती आणायची कशाला? या गैरसमजात कित्येक दशके गेली.

पुढे बारकाईने तपासणी झाली. प्रौढ माशा जवळजवळ सारख्या. पण कोषावस्थेतील रंगखुणांनी जाती ओळखण्यास मदत केली. एका नावाखाली अनेक जाती दडल्या होत्या! दक्षिण चीनमधून १९४८च्या सुमारास आणलेल्या जातीला १९५५ मध्ये ‘लिंगनानेन्सिस’ नाव मिळाले. भारत-पाकिस्तानातून १९५६-५७ मध्ये नेलेल्या जातीला पॉल डीबाख यांनी १९५९ मध्ये ‘मेलिनस’ म्हटले. किनाऱ्यापासून दूरच्या, उष्ण भागातील बागांत हीच सर्वांत प्रभावी ठरली.

वर्गीकरण म्हणजे लॅटिन नावांची घोकंपट्टी, असे विद्यार्थ्यांना वाटते. येथे मात्र एका चुकीच्या नावाची किंमत बागाईतदारांनी वर्षानुवर्षे मोजली.