रायपूरचा किल्ला आणि ‘गड’ या शब्दाचा अर्थ

‘गड’ हा शब्द उच्चारताच मराठी मनापुढे सह्याद्रीचा कडा उभा राहतो. या संस्काराने रायपूरचा किल्ला शोधू जाणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. जुन्या वस्तीत, ब्राह्मणपाऱ्याच्या आसपास, ना डोंगर आहे ना उभा तट. खारून नदीच्या खोऱ्यातील या सपाट भूमीवर उरला आहे तो बूढा तलाव. तोही पूर्वीहून पुष्कळ आक्रसलेला.

रायपूरच्या हैहयवंशी ब्रह्मदेव राजाच्या कारकिर्दीतील विक्रम संवत् १४५८ च्या शिलालेखात हाटकेश्वराच्या मंदिरनिर्मितीची नोंद आहे. वा. वि. मिराशी यांच्या १९५५ च्या कलचुरिलेखसंग्रहामुळे तो अभ्यासकांस सुलभ झाला. किल्ला मात्र भुवनेश्वरसिंहाने १४६० मध्ये बांधला, असे परंपरा सांगते. तटाचा घेर सुमारे मैलभर होता आणि त्यास पाच दरवाजे होते, असे वर्णन इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात आढळते. डोंगराने जे संरक्षण द्यावयाचे, ते येथे बूढा तलाव व महाराजबंध यांच्या पाण्याने दिले.

या प्रदेशात ‘गड’ म्हणजे केवळ दुर्गही नव्हे. शिवनाथ नदीच्या उत्तरेस रतनपूरचे अठरा आणि दक्षिणेस रायपूरचे अठरा, असे जे छत्तीस गड सांगितले जातात, ते मुख्यतः महसुलाचे विभाग होत. एका गडात नाममात्र चौऱ्याऐंशी गावे धरीत. छत्तीसगड म्हणजे छत्तीस किल्ले, असा अर्थ मराठी वाचक सहज करतो. शब्द ओळखीचा असला की अर्थाची चौकशी करण्याचे आपण विसरतो.

१७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकरांची स्वारी रतनपुरावर आली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी तेथून कारभार पाहिला. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट रायपुरास आला, तेव्हा किल्ल्याचा तट ढासळलेला होता. खंदक मात्र खोल व रुंद होता. स्वारीस अर्धशतक लोटले होते आणि या अवधीत मराठी राज्यकर्त्यांस तटाच्या डागडुजीचे अगत्य वाटले नाही, एवढे या नोंदीवरून उघड होते. त्यांना या भूमीतून वसूल हवा होता. त्यास तटाची गरज नव्हती.

महाराष्ट्रातील पडक्या बुरुजांबद्दल आपण हळहळतो. परंतु येथील तट आपल्याच कारभारात ढासळत राहिला, याची नोंद आपल्या इतिहासलेखनात अभावानेच आढळते. ती झाली पाहिजे. जिंकलेल्या प्रदेशाचा शब्द त्याच्याच अर्थाने वाचणे, हे त्या नोंदीचे पहिले पाऊल होय.