गौरव आणि पारख

शाळेच्या सभागृहात पाऊल टाकले की भिंतीवरच्या सन्मानफलकाकडे नजर गेल्यावाचून राहत नाही. काळी गुळगुळीत फळी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत वर्ष, विद्यार्थ्याचे नाव आणि शेकडा गुण. पारितोषिक वितरणाच्या दिवशी पाहुणे त्या फळीसमोर क्षणभर थांबतात, मुख्याध्यापक एखाद्या नावावर बोट ठेवून 'हा आता मोठा डॉक्टर आहे' असे सांगतात आणि सारे समाधानाने चहाला जातात. आम्हीही अनेक वर्षे तसेच गेलो.

एका शाळेचे व्यवस्थापन काही काळ आमच्याकडे होते. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने तेथील फलक आम्ही नव्याने रंगवून घेतला. समारंभाला आलेली एक माजी विद्यार्थिनी त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. शालान्त परीक्षेत एकदा नापास झालेली आणि पुढे परिचारिका म्हणून नाव मिळवलेली ही मुलगी. तिने विचारले, "फादर, आमच्या पहिलीच्या बाईंचं नाव कुठं आहे?" ते कोठेच नव्हते. त्या बाईंनी जवळजवळ तीस वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळला होता. पहिलीतले मूल शालान्त परीक्षेत पहिले येईल तर दहा वर्षांनी. तोवर त्याचा हात धरून पहिले अक्षर गिरवून घेणारीचे नाव कोणाच्या ध्यानात राहणार? बाई त्या दिवशी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. निमंत्रणपत्रिका धाडली होती, व्यासपीठावर बोलावण्याचे मात्र आम्हाला सुचले नव्हते. हा दोष सर्वस्वी आमचा.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला. शाळेने गौरव करावा तो नेमका कोणाचा आणि कशाचा? त्याचे उत्तर शोधताना आम्ही इतिहास चाळू लागलो आणि आमचे मन गुंतले ते म्हसवडच्या परिसरात.

म्हसवड हे सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातले, माणगंगेच्या काठचे जुने गाव. सिद्धनाथाचे देवस्थान आणि मार्गशीर्षातली त्याची रथयात्रा यांसाठी ते प्रसिद्ध आहे. येथून पूर्वेला थोडे गेले की सांगली जिल्ह्याचा आटपाडी तालुका लागतो. हा सारा टापू म्हणजे माणदेश. सह्याद्रीने अडवलेला पाऊस येथवर पोचता पोचता आटून जातो. म्हणून कुसळी गवत, बाभळी, मेंढरांचे कळप आणि दर काही वर्षांनी येणारा दुष्काळ ही या मुलखाची ओळख. इंग्रजी अमलात माण तालुका सातारा जिल्ह्यात होता, तर आटपाडीवर औंध संस्थानचा अंमल होता. राज्ये दोन असली तरी दुष्काळ एकच होता. अशा भूमीत मुलाला शाळेत घालणे म्हणजे घरातला एक गुराखी कमी करणे. येथील विद्येचा इतिहास वाचताना हे भान सुटता कामा नये.

गौरवाची प्रथा आपल्याकडे तशी जुनी आहे. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. विद्येचा सन्मान होता, पण विद्या एका वर्णाची होती. पुढे इंग्रजांनी त्या दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला. त्याच सुमारास, 1848 साली, जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतीरावांचे मूळ घराणे कटगुणचे, म्हणजे माणच्या शेजारच्या खटाव तालुक्यातले. आणि सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातील नायगाव. दोघांची मुळे अशी सातारच्याच मातीत होती. 1852 च्या नोव्हेंबरात पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा जाहीर सत्कार केला. महाराष्ट्रात शिक्षणाच्या कार्यासाठी झालेल्या आरंभीच्या जाहीर सत्कारांत त्याची गणना करावी लागेल.

परंतु आम्हाला त्या सत्कारापेक्षा तीन वर्षांनंतरची एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. 1855 साली अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रात, फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई नावाच्या मातंग समाजातील मुलीचा निबंध छापला गेला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आज मराठी वाङ्मयाच्या इतिहासात स्थान मिळवून बसला आहे. ही मुलगी लिहू शकेल, असे तिच्या काळात किती जणांना वाटले असेल? तिला शाळेत घेणाऱ्याला वाटले, आणि तेवढे पुरले.

येथे आम्हाला आमच्या प्रश्नाचा पहिला धागा सापडला. गौरव हा यशानंतर येतो. पारख यशाच्या आधी करावी लागते. गौरवाला पुरावा हाताशी असतो, पारखीला नसतो. म्हणूनच गौरव करणारे पुष्कळ भेटतात आणि पारख करणारे विरळा.

इंग्रजी अमलातील खेड्यातली शाळा या दोहोंपैकी कोणत्याच गोष्टीसाठी योजलेली नव्हती. तपासणीला येणारा अधिकारी, ज्याला गावकरी 'दिपोटी' म्हणत, त्याच्या भेटीच्या भीतीत वर्ष सरे. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, उत्तीर्ण झालेला मुलगा गावचे भूषण ठरे. त्याला मास्तरकी मिळू शके. जो पास तो हुशार आणि जो नापास तो ढ, ही विभागणी त्या काळात पक्की झाली. ती आजही आपल्या मनातून गेलेली नाही.

या मापाने मोजले तर आमच्या फलकावरून काय काय निसटते ते पाहू. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते. 1919 साली कराडजवळच्या काले येथे त्यांनी संस्था स्थापली आणि 1924 साली ती साताऱ्यास आणली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत. ती मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्या गेल्या. भाऊरावांच्या वाट्याला पुढे, 1959 साली, पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची सन्माननीय पदवी आली. लक्ष्मीबाईंनी मात्र मुलांवर विश्वास टाकला तेव्हा त्यांतील एकाचाही निकाल लागलेला नव्हता.

आता माणदेशाच्या पूर्वभागाकडे वळू. आटपाडी हा एक लहानसा, पाण्याला पारखा झालेला तालुका. पण 1973 साली यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर, 1983 साली अंबाजोगाईच्या संमेलनाचे अध्यक्ष होते त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर आणि 1984 साली जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष होते आटपाडीचे शंकरराव खरात. अकरा वर्षांत तीन संमेलनाध्यक्ष एकाच दुष्काळी तालुक्याने दिले. आता त्यांची शालेय प्रगतिपुस्तके उघडा. 'गीतरामायण' लिहिणारे गदिमा औंधच्या शाळेत शिकले आणि गणिताने दगा दिल्यामुळे मॅट्रिकला अडले. व्यंकटेशरावांचे शालेय शिक्षणच पूर्ण झाले नाही. बेचाळीसच्या चळवळीने त्यांना वर्गातून ओढून नेले. शंकरराव अस्पृश्य गणल्या गेलेल्या घरात, गावकीची तराळकी करणाऱ्या बापाच्या पोटी जन्मले. ते वकील झाले आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तिघांपैकी दोघांची नावे कोणत्याही शाळेच्या गुणवत्ताफलकावर लागली नसती. तिसऱ्याला तर शाळेचा उंबरठा ओलांडणे हेच पहिले पारितोषिक होते.

याच मुलखातल्या मास्तराची कथा व्यंकटेशरावांनी 'बनगरवाडी'त अजरामर केली. 1955 साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीतला तरुण शिक्षक मेंढपाळांच्या वाडीत येतो, पोरे गोळा करून शाळा उभी करतो, गावकऱ्यांच्या श्रमाने तालीम बांधतो. आणि शेवटी दुष्काळ येऊन सारी वाडी पांगवतो. पटावरची नावे राहतात, मुले राहत नाहीत. शिक्षकाचे कर्तृत्व निकालाच्या टक्केवारीवर मोजणाऱ्या प्रत्येकाने ही कादंबरी पुन्हा वाचावी, असे आम्हास वाटते. त्या मास्तराचा निकाल शून्य आहे. तरीही वाडीच्या आयुष्यात तो जे करून गेला ते शून्य नाही.

पारखीचे सर्वांत ठसठशीत उदाहरण सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कृष्णाकाठी सापडते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कराडच्या टिळक हायस्कुलात शिकले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडत होते. तेव्हा महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून, त्यांत स्वतः लढून आपल्या गुरूचे घर सोडवून दिले. मिरवणूक हा गौरव होता. गहाणखत ही पारख होती. आणि ते घर सोडवणे हा आमच्या मते शिष्याने केलेला गुरूचा खरा सत्कार होता.

हा सारा भूतकाळ झाला, असे कोणी म्हणेल. म्हणून पुन्हा म्हसवडला येऊ. नव्वदच्या दशकात येथे चेतना गाला सिन्हा यांनी गावातल्या कष्टकरी स्त्रियांची बँक काढण्याचे ठरवले. सभासद स्त्रिया निरक्षर आहेत, या कारणाने रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. स्त्रिया रडत बसल्या नाहीत. त्यांनी आम्हाला शिकवा म्हणून हट्ट धरला. दिवसभराच्या कामानंतर वर्ग भरले. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की, कोणत्याही मुद्दलाचे व्याज विचारा, आम्ही यंत्राशिवाय तोंडी सांगतो. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्या रात्रवर्गाचा निकाल कोणत्या मंडळाने जाहीर केला? त्यातील प्रथम क्रमांक कोणाचा? कोणाचाच नाही, कारण सगळ्या एकदम उत्तीर्ण झाल्या.

याच माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर शेतकरी कुटुंबातली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3,000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ती अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी ती 1984 च्या पी. टी. उषानंतरची पहिली भारतीय स्त्री. दहाव्या क्रमांकाला आपल्या शाळांत बक्षीस नसते. पण प्राथमिक फेरीत 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून आलेल्या त्या दहाव्या क्रमांकासमोर सारा देश उभा राहिला.

आज गौरवाची साधने वाढली आहेत. 1958 पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार दिले जातात. राज्याचा शिक्षक गौरव सावित्रीबाईंच्या नावाने होतो. ही गोष्ट चांगलीच आहे. शाबासकीने मूल फुलते आणि शिक्षकालाही उभारी येते. ते कोणी नाकारू नये. परंतु परीक्षा मंडळाने गुणवत्ता याद्या बंद केल्या तरी चौकाचौकांत टक्केवारीचे रंगीत फलक झळकतच आहेत. त्यांच्यावर हसरी छायाचित्रे असतात आणि खाली शिकवणीवर्गाचे नाव असते. ज्याचे छायाचित्र नाही त्या मुलाने तो फलक कसा वाचावा, याचा विचार करणारा कोणी आहे काय? आपल्या संस्थाही या शर्यतीत मागे नाहीत, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

माणदेशाचा इतिहास आम्हाला एवढेच सांगतो की, कोरड्या जमिनीत जे उगवले ते कोणीतरी आधी ओळखले होते. त्या ओळखणाऱ्याची नोंद ठेवणे हे शाळेचे काम आहे. सन्मानफलकावर 'नाव' आणि 'गुण' या रकान्यांच्या शेजारी 'कोणी शिकवले' असा आणखी एक रकाना असावा. आणि वार्षिक समारंभात एक पारितोषिक तरी अशा मुलासाठी राखून ठेवावे, ज्याचे यश अद्याप दिसलेले नाही, पण ज्याच्या शिक्षकाला ते दिसते आहे.

रौप्यमहोत्सवानंतर काही महिन्यांनी आम्ही रंगाऱ्याला पुन्हा बोलावले. पहिलीच्या बाईंचे नाव फलकावर सर्वांत वर लिहायला सांगितले. तो शिडीवर चढला, नाव सुबक अक्षरांत रेखाटले आणि ब्रश हातात धरून त्याने खाली पाहिले. "फादर, बाईंच्या नावापुढे टक्के किती लिहू?"

ती जागा आम्ही कोरीच ठेवायला सांगितली.