प्रत, पाठ आणि मूळ : विदागारांच्या नकलांचा एक लहानसा इतिहास

साहित्याच्या अभ्यासकाला प्रतीविषयी एक मुरलेला अविश्वास असतो. मूळ संहिता शुद्ध आणि प्रत म्हटली की अपपाठ, ही पाठचिकित्सेची पहिली शिकवण. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, त्यामागेही नकलाकारांच्या हातून शिरलेल्या अशुद्धांची जाणीव होती. पोथीच्या शेवटी ‘जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये’ अशा आशयाचे निवेदन करणारा लेखनिक आपल्याला चांगलाच परिचित आहे. आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत मात्र नकलांचे एक वेगळेच विश्व उभे राहिले. संगणकीय विदागारांच्या, म्हणजे डेटाबेसच्या, नकलांचे हे विश्व आहे आणि तेथे मूळ व प्रत यांचे नाते आपल्या गृहीतकांना छेद देते.

१९७० मध्ये आयबीएमचे एडगर कॉड यांनी विदागारांच्या संबंधाधिष्ठित रचनेचा पाया घालणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच ‘मोठ्या’ आणि ‘सामायिक’ अशी दोन विशेषणे आहेत. पुढच्या अर्धशतकाची अडचण या दोन शब्दांत सामावलेली आहे, असे म्हणता येईल. बँकेची खाती किंवा रुग्णालयातील नोंदी ज्यात राहतात ते विदागार क्षणभरही थांबवता येत नाही. आणि त्यावर चालणारी आज्ञावली तर सतत बदलावी लागते. तो बदल तपासायचा कुठे? जिवंत विदागारावर प्रयोग करणे धोक्याचे. कल्पनेने रचलेल्या नोंदी फार नीटनेटक्या असतात. खऱ्या नोंदींत जन्मतारीख राहून गेलेली असते, एकच माणूस दोनदा नोंदलेला असतो, नावाच्या रकान्यात पत्ता घुसलेला असतो. आणि आज्ञावली अडखळते ती नेमकी अशाच ठिकाणी. म्हणून खऱ्याची नक्कल हवी.

पण मोठ्या विदागाराची संपूर्ण नक्कल म्हणजे तितकीच जागा आणि कित्येक तासांचा वेळ. दहा गटांना दहा नकला द्याव्यात तर साठवण दहापट, आणि नक्कल हाती येईपर्यंत ती शिळी. यातून सुटका झाली ती एका जुन्या कल्पनेमुळे. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या अमेरिकन संस्थेच्या टेनेक्स या कार्यप्रणालीत (तिचे वर्णन १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले) स्मृतीचे एकच पान अनेकांना वाचायला दिले जाई. कोणी त्यावर लिहू लागला, तरच त्याच्यापुरती वेगळी प्रत निघे. हीच युक्ती पुढे डिस्कवर आली. डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये वर्णन केलेल्या फाइलप्रणालीत जुन्या मजकुरावर नवा मजकूर गिरवला जात नाही. तो नव्या जागी लिहिला जातो. त्यामुळे मुळाशी असलेल्या एका नोंदीची नक्कल जपली की त्या क्षणाचे संपूर्ण चित्र जपले जाते. सन कंपनीच्या झेडएफएसमध्ये (२००५) अशा चित्रावरून लिहिता येण्याजोगी प्रत क्षणात काढता येऊ लागली. प्रत म्हणजे आता केवळ फरकांची यादी.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत (१९१९–१९६६) वर एक संहिता आणि खाली पाठभेद असतात, त्याची येथे आठवण व्हावी. साम्य आहे, पण ते मर्यादित आहे. संपादक पाठभेदांतून निवड करतो. यंत्र कोणताही निवाडा देत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक पाठ आपापल्या शाखेत खरा.

मूळ आणि प्रत यांची श्रेणी किती नाजूक आहे, हे ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संस्थेत दिसले. दुय्यम सर्व्हरवरील फोल्डर रिकामे करण्याची आज्ञा एका अभियंत्याने चुकून प्रमुख सर्व्हरवर दिली. चूक लगेच ध्यानात आली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइट विदा पुसली गेली होती. रोजच्या राखीव प्रती तपासल्या, तर त्या तयारच होत नव्हत्या. त्या अपयशाची सूचना देणारे ई-पत्रही पोहोचत नव्हते. शेवटी कामी आली ती चाचणीसाठी सहा तासांपूर्वी, तीही योगायोगाने, काढलेली नक्कल. ज्या प्रतीकडे कोणी जपणुकीच्या भावनेने पाहिले नव्हते, तीच मूळ ठरली. मधल्या सहा तासांतले सुमारे ५,००० प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० नवी खाती यांना झळ पोहोचली. आणखी एक तपशील आम्हांला महत्त्वाचा वाटतो. चाचणीच्या प्रतीतून बाहेरच्या जगाला संदेश जाऊ नयेत म्हणून ती जोडणी करणाऱ्या नोंदी तिच्यातून मुद्दाम काढलेल्या असत. मूळ परत आले, पण प्रतीवर केलेला संस्कार घेऊन.

हा संस्कार अनावश्यक नाही. नकलेत माणसे असतात. १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यनोंदी नावे-पत्ते वगळून संशोधकांना दिल्या गेल्या. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड जुळवून खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद ओळखून दाखवली. नाव खोडल्याने माणूस खोडला जात नाही. युरोपच्या २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीनेही, टोपणनाव दिलेली माहिती ही व्यक्तीचीच माहिती मानली आहे.

येथे खरा पेच आहे. प्रत जितकी मुळाशी प्रामाणिक, तितकी चाचणीला उपयोगी आणि तितकीच त्यातल्या माणसांना घातक. प्रत जितकी निरुपद्रवी, तितकी ती मुळापासून दूर. पोथीचा लेखनिक अजाणता चुकत असे आणि क्षमा मागत असे. आजच्या लेखनिकाला जाणूनबुजून बदल करावे लागतात, आणि दोष देऊ नका असे म्हणण्याची सवलत त्याला नाही. कोणता पाठ राखला आणि कोणता गाळला हे नोंदवून ठेवण्याची जी शिस्त पाठचिकित्सेने आपल्याला लावली, तिची गरज ग्रंथालयाबाहेर इतकी कधी भासली नसेल.